बोलतं केलेलं घर

लोकांचं भलं करायची खोड तिला लहानपणापासूनच होती. खोड म्हणायचं कारण, ज्यांचं ज्यांचं भलं झालं त्यांच्यापैकी कुणीही ते मागितलेलं नव्हतं. शाळेत दोन मैत्रिणी रुसल्या की ही मध्ये पडायची, दोघींचे हात एकमेकींच्या हातात द्यायची, आणि शाळा सुटेपर्यंत त्या दोघी मिळून हिच्याशी बोलेनाशा व्हायच्या. मोठेपणी तिने आपली आई आणि काकू यांच्यात समेट घडवून आणला. तोवर दोघींमध्ये नुसती धुसफूस होती. समेटाच्या दिवशी कोण कधी कुणाला काय म्हणालं होतं याची नीट उजळणी झाली आणि काकूचं येणंजाणंच बंद झालं. तेव्हापासून घरात तिला समेटबाई म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं. आईला त्याचं अजून हसू येत नाही.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. एकुलती एक मुलगी पुढेमागे काउंटरवर बसेल, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. पण मुलीने समाजकार्याची पदवी घेतली आणि एका संस्थेत उमेदवारीवर चिकटली.

"म्हणजे लोकांच्या घरात नाक खुपसायचं आणि वर पगारही घ्यायचा?" बाबा म्हणाले. "आमच्या वेळी शेजारच्या बायका हे फुकट करायच्या."

"त्याला समुपदेशन म्हणतात, बाबा."

"म्हणत असतील. शेजारच्या बायकांना हा शब्द माहीत नव्हता म्हणून मागे राहिल्या बिचाऱ्या."

संस्था एका गादीच्या दुकानाच्या वर होती. जिना एकच. त्यामुळे आयुष्याला कंटाळलेली माणसं कधी गाद्यांत शिरायची आणि गाद्या बघायला आलेली जोडपी वर येऊन गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसायची. एकदा एका नवरा-बायकोला अर्धा तास बोलतं केल्यावर कळलं की त्यांना फक्त डबलबेडची गादी हवी होती. तोवर बाई रडायला लागल्या होत्या. संस्थेत हा किस्सा यश म्हणून सांगायचे.

संस्थेच्या संचालिकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे कुणी मॅडम नाही हं. इथे सगळे ताई आणि दादा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यांना मॅडमताई म्हणायला लागले. मॅडमताईंचा आवाज इतका मऊ होता, की त्यांनी कुणाला झापलं तरी ते त्याला घरी गेल्यावर कळायचं. संस्थेत काही शब्दांना बंदी होती. भांडण म्हणायचं नाही, 'संवादातली दरी' म्हणायचं. हट्टी म्हातारा म्हणायचं नाही, 'बदलाच्या उंबरठ्यावरचा ज्येष्ठ' म्हणायचं. माणूस तर म्हणायचंच नाही. माणसाला केस म्हणायचं, आणि म्हणताना डोळ्यांत माया आणायची.

"उमेदवारीत एक तरी घर बदललेलं दाखवायचं," मॅडमताई तिला म्हणाल्या. "बदल दिसला पाहिजे. दिसला नाही तर... बघू मग."

त्या 'बघू मग'मध्ये चष्म्याचं अख्खं दुकान होतं, काउंटरसकट.  लोकांचं भलं करायची तळमळ समेटबाईला होतीच. आता त्या तळमळीला घाईही लागली.

तशात एका भाच्याचा फोन आला. तो लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याच्या दोन अविवाहित मावश्या इथे एका घरात राहत होत्या. "एकमेकींशी अवाक्षर बोलत नाहीत हो," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं. थोरलीला पायामुळे चालता येत नाही, धाकटीला डोळ्यांनी धड दिसत नाही. एकमेकींशिवाय एक दिवस निघणार नाही, आणि बोलत मात्र नाहीत. मला झोप लागत नाही." झोप लागावी म्हणून त्याने मावश्यांकडे येण्यापेक्षा संस्थेला फोन करणं पसंत केलं होतं. मॅडमताईंनी केस समेटबाईला दिली.

घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि खिडकीशी थोरल्या मावशींची खुर्ची. त्या टेलिफोन खात्यात होत्या. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईने घरात अबोला धरावा याची समेटबाईला गंमत वाटली, आणि आपल्याला गंमत वाटली याची लगेच लाजही वाटली, कारण संस्थेत गंमत वाटून घ्यायला परवानगी नव्हती. धाकट्या मावशी स्वयंपाकघरातून भिंतीला हात लावत बाहेर आल्या. त्यांनी थोरलीसमोर कप ठेवला आणि परत गेल्या.

थोरल्या मावशींनी एक घोट घेतला आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "कुणीतरी चहात साखर घालायला विसरलंय."

आतून उत्तर आलं, तेही समोरच्या फडताळाला उद्देशून. "कुणाच्या तरी साखरेवर डॉक्टरांनी फुली मारलीय."

"फुली मारणारा येतो का हा चहा प्यायला?"

"नको असेल त्याने ठेवून द्यावा. हिंडून फिरून आणणाऱ्याचे पाय दुखतात."

"पाय आहेत म्हणून दुखतात."

थोरल्यांनी चहा संपवला. थोड्या वेळाने त्या खिडकीला म्हणाल्या, "खाली जमिनीवर कुणाचा तरी चष्मा पडलाय, टेबलाच्या डाव्या पायाशी. आता कुणीतरी त्यावर पाय देईल आणि मग दिवसभर कपाळाला हात लावून बसेल." धाकट्या मावशी आल्या, टेबलाचा डावा पाय चाचपला, चष्मा उचलला आणि जाताजाता दाराला म्हणाल्या, "निळी गोळी जेवणाआधीची आहे. कालच्यासारखी नंतर घेऊन कुणी मळमळतंय म्हणून ओरडू नये." थोरल्यांनी निळी गोळी घेतली.

सकाळभर हे असं चाललं होतं. भाजीत मीठ, गॅसची शेगडी, पाऊस येईलसं वाटणं, पोस्टमनचं लग्न, भाच्याचा वाढलेला पोटाचा घेर, कशावरून म्हणून बोलणं झालं नाही असं नाही. शेजारच्या घरात नवरा-बायको रीतसर बोलत असत आणि दिवसाकाठी त्यांचं याच्या निम्मंही होत नसे. समेटबाई सगळं कान देऊन ऐकत होती. संध्याकाळी संस्थेत येऊन तिने लिहिलं: 'घरात संवाद शून्य.'

तिला दोष तरी किती द्यायचा? तिला शिकवलंच तसं होतं. संवाद म्हणजे समोरासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून, 'मला असं वाटतं' म्हणून सुरुवात करायची. टोमणा हा संवादातला अडथळा असतो असं पुस्तकात छापलेलं होतं. टोमण्यावर टोमणा मारत दोन म्हाताऱ्या एकमेकींना जपतात, हे पुस्तकात नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला बहुतेक बहीण नसावी.

अबोला कशावरून सुरू झाला हे तिने दोघींना वेगवेगळं विचारलं. थोरल्या म्हणाल्या, पडद्यांच्या रंगावरून. धाकट्या म्हणाल्या, "पडद्यांवरून कशाला? पडदे तर नंतर आले." आणि पुढे म्हणाल्या, "तू कशाला खोलात शिरतेस, पोरी? चाललंय ना आमचं?"

"पण मावशी, मनात साचून राहिलेलं बाहेर पडायला नको का?"

"कशाला? आत कुणाला त्रास देतंय ते?"

समेटबाईने याची नोंद 'तीव्र प्रतिकार' अशी केली. मॅडमताई खूश झाल्या. प्रतिकार जितका तीव्र तितका बदल मोठा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर उपाय म्हणून संस्थेची एक ठरलेली पद्धत होती, 'मोकळी बैठक'. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. हातात हात. समोरच्याला 'तू' म्हणायचं, आजवर कधीच न बोललेली एक खरी गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. शेवटी मिठी. पुढच्या आठवड्यात संस्थेला पैसे देणारे पाहुणे यायचे होते आणि त्यांना दाखवायला मॅडमताईंना मिठीचा फोटो हवा होता. त्या म्हणाल्या, "मी स्वतः येते."

मावश्यांना राजी करायला समेटबाईला फार कष्ट पडले नाहीत, आणि तिथेच तिला शंका यायला हवी होती. थोरल्या मावशी म्हणाल्या, "त्या पोरीची नोकरी अडलीय असं दिसतंय. कुणाची हरकत नसेल तर बसू अर्धा तास." धाकट्या मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुणाची हरकत आहे?" म्हणजे दोघींनी मिळून तिच्यावर उपकार करायचं ठरवलं होतं, आणि तेही त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने, भिंतीमार्फतच ठरवलं. समेटबाईला वाटलं, आपल्या कामाला यश येतंय. ती हुरळून गेली.

बैठकीच्या दिवशी मॅडमताई आल्या. त्यांनी कागदी रुमालांचा डबा मधोमध ठेवला आणि स्वतः फोन हातात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. खुर्च्या मांडल्या. थोरल्यांना उचलून इकडे बसवलं. दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले तेव्हा दोघीही अवघडल्या, आणि हात नेमके कसे धरायचे ते विसरल्यासारख्या समेटबाईकडे बघायला लागल्या. रोज त्याच हातांनी एक दुसरीला न्हाणीघरात नेत होती, पण ते काम होतं. हा नुसताच हात होता.

थोरल्या मावशींनी सुरुवात केली. टेलिफोन खात्यातल्या माणसाला ठरलेल्या वेळेत बोलणं आटपायची सवय असते. "मी तुला कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, "की तुझ्या हातची भाजी मला आवडते." झालं. मॅडमताईंचा चेहरा पडला. एवढ्यासाठी त्या आल्या नव्हत्या.

"छान," मॅडमताई मऊ आवाजात म्हणाल्या. "आता धाकट्या मावशी. पण वरवरचं नको हं. अगदी तळातलं. जे बोलायची भीती वाटते ते."

 धाकट्या मावशींचे ओठ हलले आणि परत मिटले. त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच त्या इतका वेळ तिकडे बघू शकल्या. समेटबाई त्यांच्या अगदी जवळ बसली होती. तिला त्यांच्या मानेची शीर उडताना दिसली आणि त्या क्षणी तिला स्वच्छ कळलं, की हे थांबवायला हवं. 'राहू द्या मावशी, चहा घेऊ या,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिने दाराकडे पाहिलं. मॅडमताईंनी फोन वर धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्या खूण करत होत्या, येऊ दे, येऊ दे बाहेर. समेटबाईच्या डोळ्यांपुढे चष्म्याचा काउंटर आला आणि तिने वाक्य गिळलं.

"बोला मावशी," ती म्हणाली. "इथे सगळं सुरक्षित आहे."

"तुझा पाय मोडला ना," धाकट्या मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी मला बरं वाटलं होतं."



"आनंद झाला होता मला," त्या पुढे म्हणाल्या. आता त्यांना थांबता येत नव्हतं. "तू रोज नटूनथटून कामाला जायचीस. मी घर सांभाळायचे, आईचं सगळं करायचे. पाहुणे आले की तू बाहेर बसायचीस, मी आत. पाय मोडला तेव्हा वाटलं, बस आता घरात. कळू दे हिलाही. आणि मग तुला उचलताना रोज वाटायचं, की हे माझ्याच मनातलं तुझ्या पायात गेलं."

त्या रडायला लागल्या. मॅडमताईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि समेटबाईच्या कानाशी कुजबुजल्या, "अप्रतिम."

थोरल्या मावशींनी नियम पाळला. त्या मध्ये बोलल्या नाहीत. बहिणीचं सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी तिचे हात झटकले नाहीत, तिच्या मांडीवर व्यवस्थित ठेवले. मग म्हणाल्या, "ते मला माहीत होतं. दवाखान्यात तू आत आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर दिसलं होतं मला." आणि जरा वेळाने, "पण तू म्हणाली नव्हतीस, तोवर इथे राहता येत होतं."

मिठी झाली. मॅडमताईंनी सांगितली म्हणून झाली. फोटो चांगला आला.

त्यानंतर त्या घरात बोलणं सुरू झालं. दोघी एकमेकींना थेट बोलायला लागल्या. "तुला चहा हवा का?" "हो, चालेल." "गोळी घेतलीस का?" "घेतली." "बरं." "बरं." समेटबाई पुढच्या भेटीला गेली तेव्हा तिला हे ऐकून इतका गारठा जाणवला, की ती खुर्चीत टेकलीसुद्धा नाही. साखरेवरून कुणी काही म्हणालं नाही. चष्मा टेबलाखाली पडलेला तिने स्वतः पाहिला, आणि थोरल्या मावशीही तो बघत होत्या, पण बोलल्या नाहीत. निळी गोळी बशीत तशीच होती. ज्या हातांना आपला पाय मोडल्याचा आनंद झाला होता, त्या हातांची गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसावी.

महिना सरायच्या आत थोरल्या मावशींनी भाच्याला फोन केला आणि त्याने त्यांची सोय शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात केली. जाताना भांडण नाही, रडारड नाही. दोघी एकमेकींना "नीट राहा" म्हणाल्या.

समेटबाई धावत मॅडमताईंकडे गेली. "घर मोडलं हो आपण," ती म्हणाली.  "धाकट्या मावशी एकट्या आहेत. त्यांना शेगडी नीट दिसत नाही. परवा हात भाजून घेतलाय."

मॅडमताईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "तू फार गुंततेस," त्या म्हणाल्या. "हे बघ, संवाद सुरू करणं हे आपलं उद्दिष्ट होतं. तो झाला. संवाद झाल्यावर माणसं आपापले निर्णय घेतात, आणि निर्णय घेता येणं म्हणजेच सक्षमीकरण. राहता राहिला एकटेपणा. त्याला आपल्याकडे वेगळा विभाग आहे. दोघींचीही नावं तिकडे देऊ. एका केसच्या दोन झाल्या म्हण ना." एवढं बोलून त्यांनी ड्रॉवरमधून पत्र काढलं. समेटबाईची नोकरी पक्की झाली होती. पाहुण्यांना तो फोटो फार आवडला होता.

पत्र घरी दाखवलं तेव्हा आईने तिला जवळ घेतलं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि या वेळी काहीच टोचून बोलले नाहीत. ते बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी ती वृद्धाश्रमात गेली. संस्थेला न सांगता गेली, म्हणजे नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच कुणाचं भलं केल्याची नोंद होणार नव्हती. थोरल्या मावशी व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारच्या बाईंशी गोड बोलत होत्या, नावाने हाका मारून, हसून. समेटबाईला बघून त्यांनी खुर्ची द्यायला सांगितली. ती बसली नाही.

"मावशी, घरी चला," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडून निघून गेलं ते. त्यांच्या मनात तसं नव्हतं."

"असं म्हणू नका. तिच्या मनात होतं. खरं बोला म्हणून तुम्हीच सांगितलंत, ती बिचारी खरं बोलली."

"मग माफ करा त्यांना."

"केलं की. त्याच दिवशी केलं." थोरल्या मावशींनी मांडीवरची चादर सारखी केली. "माफ करायला काय लागतं? पण रात्री अंधारात तिने मला उठवायला हात पुढे केला की मला ते वाक्य ऐकू यायचं. तिलाही यायचं. म्हणून तिचा हात थरथरायचा. थरथरत्या हाताला धरून उठता येत नाही हो. दोघीही पडायच्या एखाद्या दिवशी."

समेटबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. मी थांबवायला हवं होतं."

थोरल्या मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर समेटबाईला काहीतरी करता आलं असतं, रागाचे तीन प्रकार तिला पाठ होते.

"तुम्ही शिकलेल्या आहात," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. मिटलेलं तोंड उघडायचं कसं ते तुम्हाला शिकवलंय. बोललेलं न बोललेलं कसं करायचं, ते शिकवतात का तुमच्याकडे?"

"नाही," समेटबाई म्हणाली.

"मग ते येईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ नका."

समेटबाईने मान हलवली. नाही जाणार, असं ती म्हणालीसुद्धा, आणि म्हणाली तेव्हा अगदी मनापासून म्हणाली. सोमवारी तिच्या नावावर तीन नवीन घरं लागली होती. पहिल्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. तिने रुमालांचा डबा पिशवीत टाकला, पत्ता विचारत विचारत गेली आणि बेल वाजवली.